झारेकरी

जॉर्ज टाउनमध्ये केर फुकट जात नाही. मिंट स्ट्रीटच्या पोटातून फुटणाऱ्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरासमोरचे सज्जे एकमेकांच्या कानाला लागलेले, वर आभाळाची जेमतेम एक चिंधी, आणि त्या चिंधीतून गळणारा सकाळचा उजेड सोनारांच्या उंबऱ्यावर पडायच्या आत खराटे सुरू होतात. पण झाडलेलं कुणी गटारात लोटत नाही. कानशीच्या दातांतून निसटलेला कीस, ठोकताना उडालेली कणी, कारागिरानं हात धुतलेलं पाणी, त्याच्या बुडाखालचं झिजलेलं गोणपाट, सगळं जपून डब्यांत साठतं, आणि मग एक दिवस अशा केरातून सोनं वेचणारा झारेकरी येतो, डबा हातात घेऊन जोखतो, बोटांनी चाळवतो, हुंगल्यासारखा तोंडाजवळ नेतो, आणि घासाघीस करून उचलतो.

केराचा भाव ठरतो.

माझे थोरले मामा याच गल्लीत गलाईचं दुकान चालवत. विटा, खानापूर, आटपाडी या आमच्या दुष्काळी टापूतली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. जिथं म्हणून सराफकट्टा आहे तिथल्या एखाद्या बोळात आमच्याकडचा कुणीतरी भट्टीपुढं उकिडवा बसलेला सापडतो, आणि त्याच्या मागच्या धुरकट भिंतीवर रेणावीच्या रेवणसिद्धाची तसबीर असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलं मद्रासला जायचो. मद्रास म्हणजे माझ्या लेखी समुद्र नव्हेच. मद्रास म्हणजे वितळत्या टाकणखाराचा वास, कोळशाची धग, घशात खरखरणारा तेजाबाचा तांबूस धूर, आणि या सगळ्यावर बद्रियन स्ट्रीटच्या फुलबाजाराकडून वाऱ्याच्या एखाद्या झुळकीनं अचानक आणून टाकलेला मोगरा. धूर आणि मोगरा एकाच श्वासात. अजूनही कुठं मोगरा फुलला की माझा घसा आधी खवखवतो.

मामांच्या हातून सोनं शुद्ध होताना मी तासन् तास पाहिलं आहे. अशुद्ध सोन्यात तिप्पट चांदी घालून ते वितळवायचं, त्याचा पातळ पत्रा काढायचा आणि तो तेजाबात उकळायचा. चांदी आणि तांबं विरघळून निघून जातं, तळाशी उरतं ते सोनं. पण ते सोन्यासारखं दिसत नाही. निस्तेज, तपकिरी, मातकट भुकटी; रस्त्यात पडली तर कुणी चप्पल वाकडी करून बाजूला होणार नाही. मग ती मुशीत जाते, मामा फुंकणी ओठांशी धरतात, गाल फुगतात, ज्योत आडवी होऊन मुशीला चाटू लागते, आणि त्या मातीच्या तळातून हळूहळू एक डोळा उघडतो. पिवळा, ओला, थरथरता.

त्या वेळी मामांच्या उजव्या गालात चिमूट असायची. तंबाखूची. चुन्याच्या डबीचं टोपण उघडल्याचा बारीक टक् आवाज, तळहातावर अंगठ्याची घासट, दोन टाळ्या, आणि मग चिमूट हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खोबणीत जाऊन बसायची, दिवसभर. तेजाब धातू सोलतं तसं ती चिमूट आत काय सोलत होती, हे पाहायला तिथं मूस नव्हती.

पुढं कितीतरी वर्षांनी एका तपासणी-प्रयोगशाळेत बाकावर बसले असताना मला समोरच्या स्टँडमध्ये रक्ताच्या नळ्या उभ्या दिसल्या. रक्त थोडा वेळ निवांत ठेवलं की ते गोठून खाली बसतं, आणि वर एक स्वच्छ द्रव उभा राहतो, सीरम. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि त्या रांगेतल्या प्रत्येक नळीच्या वरच्या अर्ध्या भागात फिकट पिवळा उजेड भरला होता. मी चमकले. आपल्या अंगात लाल वाहतं एवढंच मला ठाऊक होतं. त्या लालाच्या आत हे असं काही विरघळलेलं असतं आणि ते दिसायला त्याला नुसतं स्वस्थ बसू द्यावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पिवळ्या पाण्यात शरीराचा केर असतो. पेशी मरतात, फुटतात, आपल्या भिंतींचे, यंत्रांचे, निरोपांचे तुकडे सोडून जातात. आणि त्यातच असतात अँटीबॉडी. हा शब्द करोनानं घराघरांत पोचवला, त्यामुळं तो आता समजावून सांगावा लागत नाही: बाहेरून आलेल्याला ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. पण काही अँटीबॉडी बाहेरच्याला नव्हे, घरच्यालाच चिकटतात. त्या ऑटोअँटीबॉडी. आपल्याच पेशींमधल्या आपल्याच प्रथिनांवर बोट ठेवणाऱ्या. त्या उगाच माजल्या तर संधिवात होतो, ल्युपस होतो, माणूस स्वतःच्या सांध्यांत स्वतःशी भांडत राहतो. पण कधी कधी घरच्याकडे बोट दाखवायला सबळ कारण असतं.

कर्करोगाची पेशी परकी नसते, हेच तर तिचं दुःख. ती आपल्याच पेशीची लेक. तिचा चेहरामोहरा, भाषा, चालरीत सगळं आपल्यासारखं; फक्त कुठंतरी काहीतरी किंचित बिघडलेलं. एखादं प्रथिन वाकडं घडलेलं. एखादं हवं त्याहून फार जास्त झालेलं. एखादं पेशीच्या आत राहायचं ते बाहेरच्या भिंतीवर येऊन बसलेलं. एखादं तर असं, की ज्याचा आवाज शरीरानं बहुतेक सगळ्या अवयवांत कायमचा बंद करून ठेवला होता आणि जे आता भलत्याच जागी पुन्हा बोलू लागलं आहे. गाठ अजून मोहरीएवढीही नसते. तिच्यातून रक्तात सांडणारं प्रथिन इतकं थोडं, आणि इतक्या लवकर धुऊन जाणारं, की ते शोधू म्हटलं तर हाती लागत नाही. पण तेवढ्या कणाला पाहून राखणीच्या पेशी अँटीबॉडी घडवू लागतात, एकीच्या हजार, हजारांच्या लाख, आणि यातली नेहमीची जातकुळी अशी की आज घडलेल्यांतल्या निम्म्या सुमारे २१ दिवसांनीही रक्तात फिरतच असतात. मूळ कण वाहून जातो, त्याची वदंता उरते. काहींच्या रक्तात ती वदंता गाठ दिसायच्या महिनोन्‌महिने आधी, कधी काही वर्षं आधीही, सापडलेली आहे.

शरीराला कळलेलं असतं.

मला या एका वाक्यापाशी किती तरी रात्री थांबावं लागलं. कळलेलं असतं, आणि तरी ते थांबवू शकत नाही. या अँटीबॉडी बहुधा त्या गाठीचं काही वाकडं करत नाहीत. त्या हत्यार म्हणून घडल्या असतील, पण त्यांचं साक्षीदारापलीकडे फारसं काही होत नाही. त्यांनी पाहिलं, नोंद केली, आणि त्या रक्ताच्या प्रवाहात गोल गोल फिरत राहिल्या, कुणी विचारील या आशेनं.

ब्रॉडवे संपते तिथं, पॅरीज कॉर्नरला, डेअर हाउसच्या अंगाला एक दगडी खांब आहे. १७७३ सालचा. रिक्षा, हातगाड्या, वायरींची जाळी आणि कोर्टाकडे धावणारे काळे कोट यांच्या गर्दीत तो कुणाला दिसत नाही. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं, १७४९ मध्ये ते इंग्रजांना परत मिळालं, आणि या येरझाऱ्यांत इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्याला खेटून वसलेली देशी लोकांची जुनी वस्ती जमीनदोस्त झाली. थोडी एकाच्या हातानं, थोडी दुसऱ्याच्या. शत्रू घरांच्या आडोशानं येतो, म्हणून घरंच नकोत. तोफांना मोकळं मैदान हवं होतं. या रेषेच्या अलीकडे कुणी घर बांधू नये, हे सांगायला खांब रोवले गेले, त्यातला हा उरलेला एक. लोक उत्तरेला सरकले, तिथं नवी वस्ती गजबजली, १९११ मध्ये तिला पंचम जॉर्जचं नाव मिळालं. जुनी घरं जिथं पाडली होती तिथं १८९२ पासून हायकोर्टाची तांबडी इमारत उभी आहे.

कोण आपला, कोण परका, आणि रेषा कुठं मारायची, हे किल्ल्यालाही कधी नीट उमगलं नाही. पॉल एरलिख हा जर्मन शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हणत होता की शरीर स्वतःवरच उठेल ही कल्पनाच निसर्गाला असह्य असणार. त्या भयाला त्यानं ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असं लॅटिन नावही देऊन टाकलं. आणि त्याच एरलिखनं १९०९ मध्ये असंही सुचवलं की कर्करोगाच्या पेशी आपल्या अंगात वारंवार उगवत असाव्यात आणि शरीराची राखण त्यांना बहुतेक वेळा गुपचूप निपटत असावी. एकाच माणसाच्या डोक्यात हे दोन विचार शेजारी शेजारी राहत होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. स्वतःवर उठणं अशक्य, आणि स्वतःवर पहारा ठेवणं अटळ.

गलाईवाल्यांचं इथलं खरं दैवत थंबू चेट्टी स्ट्रीटवर आहे. काळिकांबाळ. १६७७ च्या ३ ऑक्टोबरला शिवाजी महाराज इथं वेषांतर करून दर्शनाला आले होते असं देवळात सांगतात, आणि मामा प्रत्येक पाहुण्याला तिथं नेऊन ते सांगायचे, जणू घोडा त्यांनीच बाहेर धरून ठेवला होता. दर्शनाची ती कथा कथा म्हणून राहू दे. मला त्याच वर्षीची, किल्ल्याच्या दप्तरात नोंदलेली दुसरी गोष्ट जास्त भावते. मे महिन्यात, दक्षिणेच्या मोहिमेवर असताना, महाराजांनी सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांकडे माणूस पाठवून काय मागितलं? तोफा नव्हे. विषावरचे उतारे आणि हृदयाला बळ देणारे खडे मागितले, जहरमोहऱ्याच्या जातीचे. इंग्रजांनी ते पाठवलेही. आयुष्यभर दगाफटका चुकवत आलेला, पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस मला त्या मागणीत एकदम जवळचा वाटतो. ताटातल्या पुढच्या घासात काय आहे हे कळायला मार्ग नाही, निदान उतारा तरी कमरेला असावा.

विष बाहेरून येतं, उतारा बाहेरून येतो, असं मानायचा तो काळ. आणि इथं माझ्या मामांच्या गालात विष त्यांनी स्वतःच्या बोटांनी ठेवलं होतं, आणि उतारा म्हणून शरीर जे काही रचत होतं ते रक्तातून फिरून फिरून पुन्हा त्यांच्याच भट्टीपुढं बसत होतं.

सगळ्यांत आधी मामीला कळलं. मामी कधी दुकानात बसली नाही. दुकान खाली, ती वर, आणि मधल्या लाकडी जिन्यावरून तिचे आवाज तेवढे खाली येत. पण तिला ताट कळायचं. एका सुट्टीत, दुपारच्या जेवणानंतर भांड्यांच्या ढिगाशी बसून ती आईला म्हणाली, “ह्यांस्नी ठेचा झोंबाय लागलाय.” आई हसली. विट्याच्या माणसाला ठेचा झोंबायचा म्हणजे थट्टाच. मामी हसली नाही. “घास बी बारीक झालाय. भाकरी दुधात कुस्करत्यात. आन् एकाच अंगानं चावत्यात.” थोडं थांबून म्हणाली, “फुंकणीला जोर येईना त्यांच्या. मला वरपातूर ऐकू येतंय.”

वर स्वयंपाकघरात बसून, जिन्याखालून येणाऱ्या फुंकरीची लांबी मोजणारी ती बाई. गालाच्या आतली कातडी आवळत जाते, तोंड पुरतं उघडत नाही, फुंकर मारता येत नाही, शिट्टी वाजत नाही, तिखट लागताच आग होते. वैद्यकाच्या पुस्तकांत ही लक्षणं आज कुणीही वाचू शकतं. मामीनं ती भाकरीवरून वाचली. तिनं मामांना सांगितलं. मामांनी चिमूट उजवीकडून डावीकडे केली असेल, फार तर. तिनं पुन्हा सांगितलं. मग सांगायचं सोडलं, आणि ठेचा करायचंही.

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अॅक्ट्रेक नावाची संशोधन संस्था आहे. तिची मुळं १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कॅन्सर संशोधन केंद्रात, ज्याची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखूच्या सवयी यांचं नातं शोधणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या माणसांतले ते एक. अॅक्ट्रेकमध्ये डॉ. सुरेखा झिंगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिरडी आणि गाल यांच्या मधल्या त्याच खोबणीच्या कर्करोगाचा. चिमटीच्या जागेचा. मी तो वाचला तेव्हा मला तो थेट आमच्या गल्लीला उद्देशून लिहिल्यासारखा वाटला.

रीत अशी. कर्करोगाच्या पेशींतली प्रथिनं एका जेलवर पसरवायची, विद्युतभारानुसार एका दिशेला आणि वजनानुसार दुसऱ्या, म्हणजे हजारोंच्या गर्दीतलं प्रत्येक आपापल्या ठिपक्यात जाऊन बसतं. त्याचा ठसा एका पातळ पडद्यावर घ्यायचा. मग त्या पडद्यावर रुग्णाचं सीरम ओतायचं, तो फिकट पिवळा द्रव, आणि वाट पाहायची. रक्तातली अँटीबॉडी ज्या ठिपक्याला ओळखते तिथं जाऊन बिलगते. नंतर पडदा धुतला की बाकी सगळं निघून जातं आणि ओळखलेले ठिपके तेवढे काळे उमटतात. झारेकरी पाण्यात केर घोळवतो, घोळवतो, आणि माती निघून गेल्यावर परातीच्या कडेला जे उरतं ते बोटानं टिपून घेतो. मला तो पडदा वाचताना सारखी ती परात दिसत होती.

कोणते ठिपके उमटले? इथं मी थबकले. मला वाटलं होतं काहीतरी राक्षसी नावं निघतील. निघालं काय, तर अल्फा-एनोलेज, पायरुवेट कायनेज, ट्युब्युलिन. पेशीपेशीत असणारी, साखर जाळून शक्ती करणारी, पेशीचा सांगाडा सावरणारी, अगदी रोजच्या कामातली प्रथिनं. त्यांच्यावर बोट ठेवलं गेलं होतं, कारण ती प्रमाणाबाहेर झाली असतील, किंवा जिथं नसावीत तिथं दिसली असतील. मामीनंही काही राक्षसी पाहिलं नव्हतं. भाकरी, दूध, फुंकर.

आणखी दोन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की जिभेच्या कर्करोगात उमटणारे ठिपके आणि या खोबणीच्या कर्करोगात उमटणारे ठिपके सारखे नसतात. एकाच तोंडात, बोटभर अंतरावर राहणारी जीभ आणि गाल, दोघांचं गाऱ्हाणं वेगळं.

हे सगळं वाचून मन हुरळतं, पण गलाईच्या घरात वाढलेल्या माणसानं कस लावल्याशिवाय हुरळू नये. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत पी-५३ या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. पण शंभरातल्या जेमतेम ९ जणींत. बाकीच्यांची शरीरं गप्प होती. म्हणून मग एकीवर न विसंबता अनेक अँटीबॉडी एकत्र शोधायच्या, असा विचार रुजला. स्कॉटलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या बारा हजारांहून अधिक माणसांचे दोन गट करून त्यातल्या एका गटावर फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अशी सात अँटीबॉडींची चाचणी करून पाहिली. ज्यांना चाचणी मिळाली त्या गटात दोन वर्षांत ५६ जणांना हा कर्करोग निघाला, त्यातले ३३ पुढच्या टप्प्यावर पोचलेले. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात ७१ पैकी ५२. म्हणजे काही जणांचं थोडं लवकर कळलं. पण चाचणी झालेल्या त्या ५६ मधल्या साधारण दर तिघांपैकी दोघांच्या रक्तानं तोंड उघडलंच नव्हतं. आणि उलट बाजूला, धडधाकट माणसांच्या रक्तातही ऑटोअँटीबॉडी सापडतात. कुणाच्या तरी जुन्या, मिटून गेलेल्या घरगुती भांडणाच्या. त्यांना गाठ नसते, होणारही नसते. अशा एखाद्याच्या हातात ‘आढळलं’ असा कागद पडला तर तो त्या रात्री कसा झोपेल? एकट्या साक्षीवर मी कुणाला फाशी देणार नाही, आणि एकट्या अँटीबॉडीवर कुणाला रुग्णही म्हणणार नाही. या चाचण्यांच्या जाहिराती करणाऱ्यांना जरा कमी घाई असती तर बरं, एवढं मात्र वाटतं.

तरीही मी त्या अँटीबॉडींच्या बाजूची आहे. कारण गाठ हाताला लागायच्या आधीचा तो सगळा अंधारा काळ, जेव्हा माणूस हसतो, भट्टी फुंकतो, भाच्यांना देवळात नेऊन घोड्याची गोष्ट सांगतो आणि त्याच्या आत काहीतरी सुरू झालेलं असतं, त्या काळात तो अगदीच एकटा नव्हता, त्याच्या बाजूनं कुणीतरी जागं होतं, हा दिलासा मला त्यांच्याकडूनच मिळतो. दिलासा, आणि त्याच्या पोटात शिरलेली तिडीक.

मामांना अड्यारला नेलं तेव्हा उशीर झालेला होता. अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट म्हणजे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींचं काम. त्यांची धाकटी बहीण १९२३ मध्ये कर्करोगानं गेली. त्या मृत्यूचा सल त्यांनी तीन दशकं सांभाळला आणि १९५४ मध्ये १२ खाटांनिशी हे रुग्णालय उघडलं. तिथल्या व्हरांड्यात, झाडांच्या हलत्या सावलीत, मामी पदराला गाठी मारत बसलेली मला आठवते. मामांचा चेहरा तोवर एका बाजूला कलला होता. त्यांना बोलता येत नव्हतं, पण नर्सच्या कानातल्या कुड्यांकडे बोट दाखवून त्यांनी मला दोन्ही हातांच्या बोटांनी आकडा करून दाखवला. अठरा कॅरेट. त्याही वेळी.

आणि मग, हे सगळं ठिपक्यांचं आणि पडद्यांचं शहाणपण वाचून झाल्यावर, एक गोष्ट मला सुईसारखी टोचत राहते. फुप्फुस दिसत नाही, स्वादुपिंड दिसत नाही, बीजांडकोश दिसत नाहीत. तिथं रक्तालाच विचारावं लागेल, तिथं ही झारेकऱ्याची विद्या कामाला यावी, आणि येईल. पण तोंड? तोंड तर रोज उघडतं. केरळात तिरुवनंतपुरम भागात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं फक्त डोळ्यांनी, उजेडात तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले होते. ना जेल, ना पडदा. एक बॅटरी, एक बोट, आणि पाहायची तयारी. अंगातलं कुणी सांगत नाही अशी तक्रार आपण करू तरी कोणत्या तोंडानं, जेव्हा रक्तही सांगत असतं, भाकरीही सांगत असते, गालही सांगत असतो.

दुकान आता मामेभाऊ चालवतो. गल्ली तीच, सज्जे आणखी जवळ आलेले, कोळसा जाऊन गॅस आला. त्याची जीभ दोन्ही भाषांत सारखीच सैल. गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये भांडतो आणि मुशीशी मराठीत. परवा त्याच्यापुढं बसले असता तो टक् आवाज ऐकला. अंगठा तळहातावर फिरू लागला.

“आ कर,” मी म्हणाले.

“आता? गिऱ्हाईक येईल, अक्का.”

“येऊ दे.”

त्यानं खळखळून हसत तोंड उघडलं. मी मोबाइलचा दिवा आत धरला. दातांवर तांबूस राप, जीभ ठीक, उजवा गाल ठीक. डावीकडे, दाढांच्या मागं, गालाच्या गुलाबी ओल्या अस्तरावर बोटाच्या पेराएवढा एक पांढुरका चट्टा. मी रुमालाच्या टोकानं पुसून पाहिला. निघाला नाही.

“घावलं का सोनं?” तो तोंड उघडंच ठेवून बोबडं बोलला.

“उद्या सकाळी जनरल हॉस्पिटलला जायचं.”

“उद्या लगड द्यायचीय. परवा जाऊ.”

जिन्यावरून पावलं वाजली. मामीचे गुडघे आता दुखतात, ती एकेक पायरी कठड्याला धरून उतरते. खालच्या पायरीवर ती थांबली, डबीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“परवा बिरवा काय न्हाय,” ती म्हणाली. “उद्या दुकान मी उघडती.”